दहा सेंटिमीटर पाणी, सहा अंश उष्णता

पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्यांच्या सामानाच्या दुकानांपुढून चालत गेलं, की एक वस्तू नजरेत भरते: लाल कापडाच्या घड्यांचा शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर आणि त्याच्याबरोबर ॲल्युमिनियमचा चकचकीत, वाकवलेला पाइप. गॅरेजमध्ये याला कोणी कोन फिल्टर म्हणतं, कोणी ओपन फिल्टर. घेणारे बहुतेक जुन्या गाड्यांवर जीव असलेले लोक. 2000 च्या आसपासची होंडा सिटी व्हीटेक, मारुती एस्टीम, पहिल्या पिढीची झेन अशा गाड्या अजून जपणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही.

फिल्टर बसवून झाला की मालक दोन गोष्टी मोठ्या आवाजात सांगतो: गाडीचा आवाज भारी झाला आणि पिकअप वाढला. तिसरी गोष्ट तो काही आठवड्यांनी, विचारलं तर सांगतो: दुपारच्या ट्रॅफिकमध्ये गाडी जरा मरगळते, आणि ॲव्हरेज होतं तेवढंच आहे. एकच फिल्टर गाडी जोरदारही करतो आणि मरगळवतोही, हे कसं? उत्तर शोधायला इंजिनात जाणाऱ्या हवेचा हिशोब मांडावा लागतो. तो अवघड नाही. त्यात लक्षात ठेवण्यासारखे आकडे दोनच आहेत आणि दोन्ही मथळ्यात दिलेत.

हवा लागते ती वजनावर

एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण 740 ग्रॅम. ते पुरतं जळायला त्याच्या 14.7 पट वजनाची हवा लागते, म्हणजे जवळजवळ 11 किलो. आपल्याकडच्या तापमानाला एवढी हवा नऊ हजार लिटरांहून जास्त जागा व्यापते. टाकीत पेट्रोल भरताना आपण एका लिटरचा भाव बघतो, पण प्रत्येक लिटरमागे गाडी एक छोटी खोलीभर हवा फुकटात घेत असते.

पेट्रोल इंजिनात ढकलायला पंप आहे. हवेला साध्या इंजिनात पंप नसतो. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये दाब उतरतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब हवेला आत लोटतो. त्यामुळे एका फेऱ्यात किती हवा आत आली यावर किती पेट्रोल जाळता येईल हे ठरतं, आणि त्यावर ताकद ठरते. फिल्टर, पाइप आणि पेटी यांची सगळी चर्चा खरं तर या वाटेत किती दाब वाया जातो याची आहे.

होंडा सिटी व्हीटेकचं उदाहरण घेऊ. इंजिन 1493 सीसी, कंपनीने सांगितलेली ताकद 106 बीएचपी. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा भरून घेतं. म्हणजे 6000 आरपीएमला पूर्ण रेस दिली तर मिनिटाला साधारण साडेचार हजार लिटर, सेकंदाला 75 लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर काठोकाठ भरत नाही, म्हणून थोडं कमी. तरी हा झोत चांगलाच मोठा आहे. एवढी हवा एका कागदी फिल्टरमधून खेचली जाते, तेव्हा फिल्टर अडवत असणार, असं कुणालाही वाटेल. अडवतोही. प्रश्न किती, एवढाच.

शहरात नळ अर्धाही उघडत नाही

त्याआधी एक गैरसमज बाजूला करू. फिल्टर मोकळा केला की ॲव्हरेज वाढेल, ही आशा इंजेक्शनच्या गाडीत फळत नाही. फिल्टरच्या पुढे थ्रॉटल बॉडी असते. तिच्यात एक गोल पत्रा फिरतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो उघडतो. शहरात चाळीसच्या वेगाने चालताना हा पत्रा जेमतेम किलकिला असतो, आणि त्याच्या पलीकडे मॅनिफोल्डमध्ये दाब वातावरणाच्या निम्म्याहून खाली गेलेला असतो. तो दाब आपण स्वतःच, मुद्दाम, पाय वर ठेवून कमी केलेला असतो. सोसायटीच्या टाकीपासून घरापर्यंतचा पाइप एक इंचाचा दोन इंच केला, पण मोरीतला नळ बारीक धारेवरच ठेवला, तर बादली लवकर भरत नाही. इथे तेच होतं.

अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये हे तपासलं. इंजेक्शनच्या गाड्यांत फिल्टर मुद्दाम चोंदवूनही इंधनाच्या खपात म्हणावा असा फरक पडला नाही. फरक पडला तो पूर्ण रेस दिल्यावर वेग पकडण्यात. म्हणजे नळ पूर्ण उघडला तरच मागचा पाइप जाणवतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र चोंदलेला फिल्टर पेट्रोल खातो. ते का, ते पुढे येईल.

गवंड्याच्या नळीने मोजा

आता पूर्ण रेसचा प्रश्न. फिल्टर किती दाब खातो हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. गवंडी भिंतीची पातळी बघायला वापरतो ती पारदर्शक लेव्हलची नळी चालते. नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून एका फळीवर बांधायची, उभ्या बाजू चांगल्या मीटरभर उंच ठेवायच्या आणि निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरायचं. एक तोंड फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या होजला जोडायचं, दुसरं मोकळं. मोकळ्या, सरळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस द्यायची आणि शेजारी बसलेल्याने दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक वाचायचा. चालवणाऱ्याने नळीकडे बघायचंही नाही. आणि नळी थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डला चुकूनही जोडू नये. तिथली ओढ पाणी काही मीटर वर चढवण्याइतकी असते, सगळं पाणी इंजिनात जाईल.

आलेला आकडा समजायला सोपा आहे. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब साधारण 10.3 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. म्हणजे दहा सेंटिमीटर पाणी हा जवळपास एक टक्का दाब. दाब एक टक्का कमी, तर हवा एक टक्का कमी, ताकदही एक टक्का कमी.

मोजून बघितलं की चित्र बरंच शांत होतं. चांगल्या स्थितीतला कागदी फिल्टर पूर्ण झोतातही साधारण एवढाच, दहा सेंटिमीटरांच्या आसपास अडवतो. पेटीचं निमुळतं तोंड, वळणं, होजच्या आतल्या वळ्या धरल्या तर एकूण वीस-पंचवीसपर्यंत आकडा जाऊ शकतो. सगळंच काढून टाकलं, थ्रॉटल उघडा ठेवला, तरी हाती येणार दोन-अडीच टक्के. सिटीच्या 106 बीएचपीत दोन-अडीच बीएचपी, तेही रेड लाइनजवळ.

याच्या शेजारी एक आकडा ठेवून बघा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांनी कमी असतो. महाबळेश्वरला, 1350 मीटरवर, साधारण पंधरा टक्क्यांनी. मुंबईची गाडी घाट चढून पुण्यात आली की तिने एका फिल्टरच्या सहापट हवा गमावलेली असते, आणि पुण्यात उतरल्यावर गाडी कमी ओढते अशी तक्रार कुणी केलेली ऐकू येत नाही. जो माणूस सहा टक्के ओळखत नाही, त्याला एक टक्का पिकअप वाढलेला कसा जाणवतो?

आवाजाची करामत

जाणवतो तो कानाला. कंपनीची फिल्टरची पेटी उगीच मोठी आणि विचित्र आकाराची नसते. सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला-मिटला की हवेत धक्के बसतात आणि ते पाइपमधून मागे, बाहेरच्या तोंडापर्यंत येतात. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन धक्के, म्हणजे 3000 आरपीएमला सेकंदाला शंभर. हा खर्जातला सूर आहे, आणि तो दाबण्यासाठी पेटीला किंवा होजला एक बंद डबा जोडलेला असतो. त्याला रेझोनेटर म्हणतात. बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की एकच ठरावीक सूर निघतो. बाटलीचं पोट आणि मान किती मोठी यावर तो ठरतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 19व्या शतकात या प्रकाराचा अभ्यास केला, म्हणून अशा डब्याला त्याचंच नाव आहे. गाडीतला डबा असा मापून बनवलेला असतो की इंजिनाचा जो सूर सर्वांत त्रासदायक, नेमका तोच त्यात जिरतो.

कोन फिल्टर बसवताना हा डबा जातो. मग रेस दिली की बॉनेटखालून घुमारा येतो, आणि आवाज वाढला की मेंदू वेग वाढल्याचं गृहीत धरतो. यात कमीपणा काही नाही; आवाजासाठी फिल्टर घेणं हे कारण मला पूर्ण मान्य आहे. फक्त त्याला बीएचपीचं नाव देऊ नये.

आणखी एक गंमत आहे. कोन फिल्टर येण्याआधी पेटीत जो कागदी फिल्टर होता, तो कित्येकदा काळाठिक्कर पडलेला असतो. फिटर नवा पाइप लावताना थ्रॉटल बॉडीही साफ करून देतो. तुलना होते ती चोंदलेल्या जुन्याची आणि स्वच्छ नव्याची. साधा नवा कागदी फिल्टर घातला असता तरी त्यातला बराचसा फायदा मिळाला असता, अगदी थोड्या पैशांत.

दुपारची मरगळ: सहा अंशांचा हिशोब

हवा तापली की फुगते, म्हणजे तेवढ्याच जागेत कमी वजनाची मावते. आपल्या तापमानाच्या आसपास दर तीन अंश सेल्सिअसला हवा साधारण एक टक्का विरळ होते. ताकदीवर त्याचा परिणाम मात्र निम्मा होतो. कारण मॅनिफोल्ड आणि सिलिंडरच्या भिंती तापलेल्या असतात. थंड हवा त्यांच्याकडून जास्त उष्णता उचलते, आधीच तापलेली हवा कमी. बाहेरचा फरक सिलिंडरमध्ये पोचेपर्यंत असा उतरतो. इंजिनाची ताकद मोजणारे अभियंते वेगवेगळ्या दिवशीचे आकडे जुळवताना हेच धरून दुरुस्ती करतात. आपल्यासाठी ढोबळ नियम असा: दर सहा अंशांना एक टक्का.

आता ओपन फिल्टर कुठे बसतो ते बघा. पेटी काढली, तिच्या जागी कोन आला, आणि तो रेडिएटर व एक्झॉस्टच्या शेजारी उघडा बसला. मे महिन्यात बाहेर 38 अंश असताना सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या बॉनेटखाली 65-70 अंश सहज होतात, शिवाय रेडिएटरचा पंखा गरम झोत थेट त्याच्यावर मारतो. तीस अंशांचा फरक म्हणजे पाच टक्के ताकद गेली. फिल्टर मोकळा करून कमावला होता एक टक्का. शिवाय गरम हवेने इंजिन नॉकिंग करायला लागतं. नव्या गाड्यांत सेन्सर ते ऐकून स्पार्क मागे घेतो, म्हणजे ताकद आणखी उतरते; सेन्सर नसलेल्या जुन्या गाडीत नुसती टकटक ऐकू येते आणि पिस्टन सोसतो.

मालकाची तिसरी तक्रार ती हीच. एक्स्प्रेस वेवर शंभरच्या वेगात बॉनेटखालून वारा वाहत असतो, तेव्हा हा फरक पुष्कळ कमी होतो, आणि नेमक्या त्याच वेळी गाडीची परीक्षा घेतली जाते. पुण्याच्या गजबजलेल्या लक्ष्मी रोडवर कोणी घेत नाही.

कंपनीच्या पेटीकडे आता परत बघावं. तिचं तोंड हेडलाइटच्या मागे किंवा फेंडरमध्ये, बाहेरची हवा मिळेल अशा जागी असतं. भिंती प्लास्टिकच्या, ज्या पत्र्यासारख्या पटकन तापत नाहीत. फिल्टर कोणता यापेक्षा हवा कुठून घेतली हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि ही जागा शोधायचं काम कंपनीने बहुतेक वेळा चांगलं केलेलं असतं. चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप दिसतो छान, पण बॉनेटखाली तो तापतो. हवा त्यातून इतक्या झपाट्याने जाते की पूर्ण रेसमध्ये फार तापत नाही. थांबून-थांबून चालताना मात्र तापते.

जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांत याच्या उलट सोयही दिसते: एक्झॉस्टजवळून गरम हवा आणणारी नळी आणि उन्हाळा-हिवाळ्यासाठी फिरवायची झडप. पेट्रोलची वाफ होताना कार्ब्युरेटर इतका थंड पडतो, की दमट गारठ्यात त्याच्या घशाशी बर्फ धरू शकतो. त्यासाठी ही ऊब. कोकणात किंवा देशावर त्याची गरज क्वचित पडते. झडप गरम बाजूला अडकून बसली असेल, तर ती उन्हाळ्याकडे फिरवून ठेवणं हा या लेखातला सर्वांत स्वस्त 'कोल्ड एअर इन्टेक' आहे.

गाडीला नवी हवा कळते कशी

जास्त हवा आली की त्या प्रमाणात पेट्रोल वाढायला हवं. ते कोण ठरवतं यावर फिल्टर बदलणं निर्धोक की कटकटीचं, हे अवलंबून आहे.

जुन्या होंडा सिटीत हवा थेट मोजत नाहीत. मॅनिफोल्डमधला दाब, आरपीएम आणि हवेचं तापमान या तिन्हींवरून ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, हवेचं वजन काढतो. मोकळ्या फिल्टरने दाब किंचित वाढला तर तो सेन्सरला दिसतो आणि पेट्रोल आपोआप तेवढं वाढतं. म्हणून अशा गाडीत फिल्टर बदलल्यावर ट्यूनिंग लागत नाही. पण यात एक छुपा धोका आहे. नव्या पाइपला कुठे फट राहिली, क्लिप सैल राहिली, तरी गाडी व्यवस्थित चालते. त्या फटीतून आलेली हवाही थ्रॉटलमधून जाऊन मॅनिफोल्डमध्येच मोजली जाते. तिच्याबरोबर धूळही येते, तिची तक्रार कुठलाच दिवा करत नाही.

दुसऱ्या प्रकारात फिल्टरनंतर लगेच एक तापवलेली बारीक तार असते. हवा तिला गार करते, आणि तिला तापती ठेवायला किती वीज लागली यावरून हवा मोजली जाते. इथे फट राहिली तर न मोजलेली हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग हेलकावे खातं. तारेआधीचा पाइप जाडीला वेगळा असला तरी मापन चुकतं. कापडी फिल्टरला तेल जास्त झालं तर ते तारेवर बसू शकतं, हीही काळजी. अशा गाडीत सेन्सरचा मूळ नळकांडा तसाच ठेवावा.

कार्ब्युरेटरमध्ये काही मोजलं जात नाही. निमुळत्या घशातून हवा जाताना दाब उतरतो आणि त्या ओढीने पेट्रोल वर येतं. फिल्टर चोंदला की ही ओढ उगीच वाढते, चोक ओढल्यासारखं पेट्रोल जास्त येतं आणि ॲव्हरेज पडतं. उलट फिल्टर फार मोकळा केला की मिश्रण पातळ होतं. गाडी रेस देताना अडखळते, परतताना फटफटते. मग मेन जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारा छिद्राचा तुकडा, एक माप मोठा घालावा लागतो. जेट न बदलता कोन बसवणारा फिटर अर्धंच काम करतो.

आणि गाडीला जुन्या पद्धतीचा मिक्सरवाला सीएनजी किट असेल तर हात लावू नये. तिथे गॅस हवेच्या ओढीवरच येतो, इन्टेकच्या वाटेत मिक्सर हीच अरुंद जागा असते, आणि मिश्रण बिघडलं तर उलटा भडका इन्टेकमध्ये होऊन फिल्टरची पेटी फुटते.

> चौकट: खर्च करण्याआधी हे बघा
>
> ● कागदी फिल्टर शेवटचा कधी बदलला? आधी नवा घाला आणि महिनाभर चालवा.
>
> ● पेटीची रबरी कड कडक झाली आहे का, क्लिपा तुटल्या आहेत का, वळ्यांचा होज चिरला आहे का? वीस वर्षांच्या गाडीत बहुधा यातलं एक तरी 'हो' निघतं.
>
> ● पेटीचं तोंड बाहेरची हवा घेतंय, की मधला तुकडा हरवल्यामुळे बॉनेटखालचीच?
>
> ● लेव्हलच्या नळीत पूर्ण रेसला फरक किती? वीस सेंटिमीटरांच्या आत असेल तर कमावण्यासारखं फार नाही.
>
> ● गाडी दाबावर हवा मोजते, तारेवर, की कार्ब्युरेटरची आहे?

धुळीचं काय

फिल्टरचं पहिलं काम धूळ अडवणं आहे, हे या सगळ्यात विसरलं जातं. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे, कण असतात. ते पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासतात. काही हजार किलोमीटरांत फरक दिसत नाही; नंतर गाडी ऑइल खायला लागते तेव्हा फिल्टर कुणाला आठवत नाही.

कागदी फिल्टरच्या बाबतीत एक उलटं वाटणारं सत्य आहे. थोडा मळलेला फिल्टर अगदी नव्यापेक्षा धूळ जास्त चांगली अडवतो, कारण कागदावर बसलेला धुळीचा थरही गाळणीचं काम करतो. म्हणून दर सर्व्हिसिंगला कॉम्प्रेसरची हवा मारून फिल्टर 'साफ' करायची आपली गॅरेजची सवय मला पटत नाही. जोराच्या झोताने कागदाचे धागे फाकतात, छिद्रं मोठी होतात; फिल्टर पांढरा दिसतो आणि धूळ सोडतो. हलकेच आपटून मोठा कचरा पाडावा, नाही तर सरळ बदलावा.

लाल कापडी फिल्टरमध्ये सुती कापडाचे थर असतात आणि त्यांना तेल लावलेलं असतं. कण तेलाला चिकटतात, म्हणून छिद्रं मोठी ठेवता येतात. या प्रकारासाठी प्रसिद्ध असलेली के अँड एन ही कंपनी कॅलिफोर्नियात 1969 मध्ये सुरू झाली. धुऊन पुन्हा वापरता येतो हा त्याचा खरा फायदा. पण धुतल्यावर पुरता वाळवून मापात तेल लावलं तरच. कोरडा कापडी फिल्टर धूळ नीट अडवत नाही, आणि बॉनेटखाली उघडा बसलेला कोन बंद पेटीतल्या फिल्टरपेक्षा लवकर मळतो. कच्च्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या गाडीला मी कागदीच घालीन.

बसवायचाच असेल तर

माझी शिफारस क्रमाने अशी: पेटी दुरुस्त करा, मूळ मापाचा चांगला फिल्टर घाला, पेटीच्या तोंडाला रुंद, गुळगुळीत नळी लावून ती ग्रिलच्या किंवा हेडलाइटच्या मागच्या जागेपर्यंत न्या. कोन हवाच असेल तर त्याच्याभोवती इंजिनाच्या बाजूने पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची आड उभी करा, तिची वरची कड बॉनेटला रबराने टेकू द्या आणि आत बाहेरची हवा येईल असं बघा. आडोशाशिवायचा कोन बसवू नये.

काम करताना बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढावी. जुनी पेटी सोडवण्याआधी प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून नाव लिहावं, मोबाइलवर फोटो काढावा. वीस वर्षं उष्णता खाल्लेले प्लास्टिकचे कनेक्टर ओढले की तुटतात. वायर धरून ओढू नये, खाच दाबून सोडवावेत. हवेच्या तापमानाचा सेन्सर पेटीत किंवा होजमध्ये असेल तर तो नव्या पाइपवर हवेच्या वाटेतच बसला पाहिजे. तो बाहेर लोंबकळत ठेवला तर ईसीएमला बॉनेटखालचं तापमान कळतं आणि पेट्रोलचा हिशोब चुकतो.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते ब्रीदरच्या नळीकडे. पिस्टन रिंगमधून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये निसटतो; तो टॅपेट कव्हरवरच्या नळीतून इन्टेकमध्ये परत नेऊन जाळतात. नव्या पाइपला जोड नाही म्हणून ही नळी रस्त्याकडे सोडून देणारे किंवा बोळा कोंबून बंद करणारे फिटर आहेत. सोडली तर तेलकट वाफ हवेत जाते आणि नळीच्या मोकळ्या तोंडातून धूळ इंजिन ऑइलमध्ये येते. बंद केली तर क्रँककेसमध्ये दाब साठून ऑइल सील गळायला लागतात. नळी फिल्टरनंतर आणि थ्रॉटलआधीच जोडावी.

क्लिपा घट्ट झाल्यावर पाइप हाताने हलवून बघावा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, बॉडी हलत नाही. मधे एक तरी लवचीक सांधा हवा, नाही तर पाइप कुठेतरी घासून भोक पडेल. शेवटी गाडी चालू करून आयडलिंग ऐकावं आणि लेव्हलची नळी पुन्हा जोडून नवा आकडा जुन्याशेजारी लिहावा. शक्य असेल तर स्वयंपाकघरात वापरतात तसला तार असलेला डिजिटल थर्मामीटर फिल्टरजवळ बसवून सिग्नलला आणि हायवेला तापमानही बघावं. पाण्याचे दहा सेंटिमीटर वाचले आणि तापमान सहा अंशांनी वाढलं, तर हिशोब शून्य.

पावसाळा

थंड हवेसाठी काही किटमध्ये पाइप लांब करून फिल्टर थेट बंपरच्या मागे, चाकाजवळ खाली नेतात. कोरड्या देशात ही युक्ती चांगली. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. तेवढा नाही, तरी गुडघाभर पाणी दर वर्षी कुठे ना कुठे तुंबतंच. खाली बसवलेला फिल्टर त्यात बुडाला की इंजिन पाणी ओढतं.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिटीच्या एका सिलिंडरची मोकळी जागा सुमारे 373 मिलिलिटर. पिस्टन वर गेला की उरते साधारण 40-45 मिलिलिटर, कटिंग चहाच्या ग्लासातही सहज मावेल एवढी. त्याहून जास्त पाणी आत असलं तर पिस्टन वर जाऊच शकत नाही, आणि फिरणाऱ्या इंजिनाचा जोर कनेक्टिंग रॉड वाकवतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नये. टो करून न्यावी, प्लग काढून पाणी बाहेर काढावं. साध्या विमा पॉलिसीत असं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाची वेगळी जोड घ्यावी लागते. आणि तुम्ही स्वतः बदललेला इन्टेक विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर तिथेही वाद होऊ शकतो. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्याने फिल्टर बंपरमागे नेऊच नये, असं माझं मत आहे.

कागदपत्रं आणि जुनी पेटी

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठणकावून सांगितलं. एअर फिल्टरची नोंद पुस्तकात नसते, पण आवाज आणि धूर यांचे नियम लागू राहतात. पीयूसीच्या तपासणीत आयडलिंगचं मिश्रण बघतात. जेट चुकलेली गाडी तिथे अडकू शकते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत गाडी दाखवतानाही बॉनेट उघडलं जातं.

तेव्हा काढलेली मूळ पेटी, रेझोनेटरचा डबा, होज आणि सगळ्या क्लिपा एका खोक्यात बांधून माळ्यावर ठेवा. कोन फिल्टर कुठल्याही दुकानात मिळतो. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीची न तुटलेली पेटी मिळवायला भंगारवाल्यांकडे खेपा घालाव्या लागतात, आणि गाडी विकायची वेळ आली की जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच विचारतं.